पूर्णिमाताईंचा सोमवार

शनिवार पेठेत ‘अष्टपुत्रे आणि मंडळी’ नावाचं साड्यांचं दुकान आहे, आणि त्या दुकानात एक चौरंग आहे. चांगला ऐसपैस, सागवानी, मागे तीन आरसे. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या घरातली नवरी त्या चौरंगावर उभी राहते आणि तिला नऊवारी नेसवून दाखवतात. नेसवायची कोणी, तर पूर्णिमाताई कोंढरे यांनी. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण दुकानातली देवाच्या फोटोची जागा जशी ठरलेली, तशी हीही ठरलेली होती.

पूर्णिमाताई बुटक्या, ठसठशीत आणि बोलायला फटकळ. गिऱ्हाइकाची मर्जी राखावी, खोटं बोलू नये, आणि दोन्ही एकदम जमत नसेल तर खोटं बोलू नये, असं त्यांचं धोरण. “हा रंग तुमच्या सासूबाईंना फार शोभेल,” असं त्या नवरीला सांगायच्या, “पण लग्न तुमचं आहे.” सासूबाई तिथेच बसलेल्या असायच्या. तरी बस्ता मोडत नसे, कारण एकदा त्यांनी निऱ्या हातात घेतल्या की बघणारे बोलायचे थांबत. “जरा वळा हां ताई,” एवढंच म्हणायचं. मग आरशात जी दिसायची तिच्याकडे बघून आया पदर डोळ्यांना लावायच्या आणि बाप उगाचच रस्त्याकडे बघत राहायचे.

दुकानाला सोमवारी सुट्टी. सोमवारी पूर्णिमाताई काय करतात हे पेठेतल्या निम्म्या घरांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते दुकानाला.

त्या गेलेल्या बायकांना साडी नेसवायच्या.

हे ऐकून कुणाला कसंसं होत असेल, तर होऊ दे. घरात बाई गेली की पुरुष सामान आणायला धावतात, तिरडी बांधणारी जाणती माणसं गल्लोगल्ली असतात. पण आतल्या खोलीत, तिला आंघोळ घालून साडी नेसवायची कोणी? लेकी-सुना रडत असतात. आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःला नेसायची वेळ आली तरी मोबाइल समोर उभा करावा लागतो. मग कुणीतरी म्हणतं, राहू दे गाऊनच, वरून साडी पांघरा.

पूर्णिमाताईंच्या सासूबाई गेल्या तेव्हा एका नणंदेनं हेच म्हटलं होतं. पूर्णिमाताई तेव्हा अशा काही भडकल्या की रडणारे रडायचे थांबले. “जन्मात कधी गाऊन घालून दारात उभ्या राहिल्या नाहीत त्या, आणि आता चारचौघांतून तशा नेऊ?” दोघी जावांना हाताशी धरून त्यांनी सासूबाईंना नऊवारी नेसवली. ते बघणाऱ्या शेजारणीनं पुढच्या वर्षी स्वतःच्या आईसाठी बोलावलं. मग तिच्या चुलतसासूनं आणि मग तिच्याही ओळखीच्यांनी. मरण काही वार बघून येत नाही. इतर दिवशी दुकान उघडण्याआधी जमलं तर त्या जायच्या, नाही जमलं तर सरळ नाही म्हणायच्या. दुकानाची वेळ त्यांनी कधी या कामाला दिली नाही. सोमवार मात्र संपूर्ण त्यांचा होता.

जित्या माणसाला नेसवणं आणि गेलेल्याला नेसवणं यांत फरक आहे. निऱ्या आधीच घालून दोऱ्यानं टाचून घ्याव्या लागतात, अंगाखालून कापड सारावं लागतं. टाचणी त्या कधी वापरायच्या नाहीत, आता शेवटी कशाला टोचायचं म्हणून. पण बोलणं तेच. “काकू, जरा वळा हां,” असं म्हणून मगच त्या कुशीवर वळवायच्या. त्या घरी पाणीही घ्यायचं नाही, कुणी आभार मानायच्या आत निघायचं आणि घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करायची, असा शिरस्ता.

दुकान पूर्वी मोठ्या अष्टपुत्र्यांचं होतं. ते गेल्यावर त्यांच्या मुलाच्या, सलिलच्या, हाती आलं. सलिल मनानं वाईट नव्हता. वडिलांच्या माघारी धंद्यात एकटा पडलेला, मॉलवाल्यांनी आणि ऑनलाइनवाल्यांनी झोप उडवलेली. पण व्यवस्थापनाचा कसलासा कोर्स करून आल्यापासून त्याला माणसं घडवायची हौस आली होती. रोज सकाळी सगळ्यांना उभं करून तो भाषण द्यायचा. सोमवारी प्रत्येकानं व्हॉट्सॲपच्या स्टेटसला दुकानाची जाहिरात ठेवायची, हा त्याचा पहिला नियम. मग सोमवारी सकाळी घरून मोबाइलवर प्रेरणासत्र ऐकायचं. मग सुट्टीत गावाला जायचं झालं तर ग्रुपवर कळवायचं. “आपण दुकानात नसतानाही अष्टपुत्रेच असतो,” असं तो म्हणायचा.

“मग रेशनकार्डावरही तेच आडनाव लावून घे,” पूर्णिमाताईंचे यजमान रामदास म्हणाले होते. ते पीएमपीत कंडक्टर. दिवसभर लोकांना पुढे सरका म्हणणाऱ्या माणसाला कुणी आपल्या घरात सरकत आलेलं चटकन कळतं.

पूर्णिमाताईंनी स्टेटस ठेवलं. प्रेरणासत्रही मोबाइल कणकेच्या डब्याला टेकवून ऐकलं. क्षुल्लक गोष्टीवरून वाद घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

मग तो बस्ता आला. मोठं घर, लवाजमा मोठा, नवरी चौरंगावर उभी, पूर्णिमाताईंच्या हातात निऱ्या. तेवढ्यात नवरीच्या एका मावशीनं त्यांना निरखून बघितलं आणि आनंदानं टाळीच वाजवली.

“अगं बाई, तुम्हीच ना त्या! आमच्या जाऊबाई गेल्या तेव्हा काय सुरेख नेसवली होतीत हो! अगदी आत्ता उठून बोलतील असं वाटत होतं!”

मावशीनं मनापासून कौतुक केलं होतं. पण करायला गेली एक आणि झालं भलतंच. नवरीच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. “उतर खाली,” ती मुलीला म्हणाली. निऱ्या अर्ध्यावर सुटल्या, निवडून ठेवलेल्या साड्या गादीवरच राहिल्या आणि सगळं घर चपला घालून बाहेर पडलं. जाताना नवरीनं वळून हात जोडले, एवढंच.

सलिलनं पूर्णिमाताईंना केबिनमध्ये बोलावलं.

“हे खरं आहे?”

“हो.”

“म्हणजे तिकडे नेसवायची आणि त्याच हातांनी इथे नवरीला...”

“हात धुते मी, सर.”

“प्रश्न हातांचा नाही, ब्रँडचा आहे. आपण आनंद विकतो, पूर्णिमाताई.”

“सोमवारी मी काहीच विकत नाही.”

सलिलनं कपाळावर हात ठेवला. हे सगळं बंद करायचं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आणि तसं आत्ताच्या आत्ता कबूल करायचं, असं त्यानं सांगितलं. पूर्णिमाताई म्हणाल्या, “नाही कबूल करता यायचं.” मग चौरंग बंद, असं तो म्हणाला. तळघरात फॉल-पिकोच्या टेबलावर बसायचं. आणि पुन्हा कुठे गेल्याचं कळलं, तर तुम्हाला दुकानच बंद.

तळघरात बसून साड्यांना फॉल लावताना वरचं सगळं ऐकू येतं. चौरंगावर आता नवीन मुलगी होती. “मॅम, जरा फिरा ना,” म्हणायची आणि शेताला कुंपण घालावं तशा सेफ्टी पिना लावायची. पूर्णिमाताईंना एकदा रडू आलं. अपमान सहन होतो, पण आपल्या हातचं काम कुणीतरी वाईट करतंय हे ऐकत बसणं सहन होत नाही. त्यांनी डोळे पुसले आणि फॉल उसवून पुन्हा लावला, कारण तो वाकडा गेला होता.

लोणी काळभोरला त्यांची आई असते, बायडाबाई. ती अजून रोज नऊवारीत असते. तिला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “आगं, जित्या बाईला नेसवाया धा जनी हायेत. गेलेलीला कोन हाय? आन् त्यो तुझ्या सोमवारचा कोन लागतो?” एवढं बोलून तिनं फोन ठेवला. म्हशीची वेळ झाली होती.

पुढच्याच सोमवारी सकाळी फोन आला. फोनवर अक्षता होती. दोन वर्षांपूर्वी याच चौरंगावर उभी राहिलेली नवरी.

“मावशी, आई गेली,” ती म्हणाली. “तिला तुमचा हात फार आवडला होता. माझ्या लग्नात तिनं नेसलेलीच साडी काढलीय. पण मला नेसवता येत नाहीये.”

पूर्णिमाताईंनी फोन छातीशी धरला आणि रामदासांकडे पाहिलं. रामदास भित्रे नव्हते, पण घर दोघांच्या पगारावर चालत होतं. आज एकदा नाही म्हणून बघ, असं ते म्हणाले. पूर्णिमाताईंनी कपाटातून दोरा आणि सुई काढली. मग ते म्हणाले, “बरं, जा. पण दुकानात कळू देऊ नकोस.”

“मी चोरी करायला चाललेय का?” पूर्णिमाताई म्हणाल्या आणि निघाल्या.

अक्षताच्या माहेरी आतल्या खोलीत तिची आई आंघोळ घालून निजवलेली होती. सवाष्ण बाई, हिरवीगार साडी उशाशी, आणि अक्षताच्या मुठीत पिनांचा डबा. पूर्णिमाताईंनी तो काढून घेतला. “यातलं काही लागायचं नाही. तू फक्त आईचा हात धर.” त्यांनी निऱ्या घातल्या, दोऱ्यानं टाचल्या, काकूंना वळा म्हणून सांगितलं. पदर डोक्यावरून घेऊन काठ कपाळाशी सरळ केला, कुंकू लावलं. अक्षता कितीतरी वेळ बघत राहिली.

“कार्याला निघाल्यासारखी दिसतेय,” ती म्हणाली, आणि मग तिला जे रडायचं होतं ते ती रडली.

परत येताना ओंकारेश्वराच्या पुलावर पूर्णिमाताई जरा थांबल्या. नोकरी जाणार हे त्यांना दिसत होतं. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण आपण चूक केली असं काही केल्या वाटेना. मग त्या घरी जाऊन डोक्यावरून न्हाल्या.

मंगळवारी सकाळी दुकानात सगळे ओळीनं उभे होते. सलिल मोबाइल बघून विचारत होता, काल स्टेटस कुणी ठेवलं नाही?

“मी नाही ठेवलं,” पूर्णिमाताई म्हणाल्या. “काल मी एका बाईंना साडी नेसवायला गेले होते. त्या वारल्या.”

सलिलनं मोबाइल खिशात टाकला.

“पूर्णिमाताई, आत या.”

“इथेच बोला सर. तुम्ही इथेच विचारलंत.” त्या ओळीतून एक पाऊल पुढे आल्या. “एक सांगा, खालच्या कपाटात त्या हिरव्या साड्या आहेत, ज्या आपण गिऱ्हाइकासमोर उलगडत नाही, ज्यांना आपली पिशवी देत नाही आणि ज्यांच्यावर कुणी घासाघीस करत नाही, त्या आपण कुणासाठी विकतो? तुम्ही विकलेलीच साडी मी नेसवते. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत मी तुमची आहे. चौरंगावर ठेवा, नाहीतर फॉलला बसवा, तो तुमचा अधिकार. पण सोमवार माझा आहे. तो मी तुम्हाला विकलेला नाही.”

सलिलचे कान लाल झाले. इतक्या लोकांसमोर त्याला कुणी असं बोललं नव्हतं. “मग आज तुमचा हिशेब करून टाकू,” तो म्हणाला.

“करा,” पूर्णिमाताई म्हणाल्या, आणि छातीवरचा दुकानाचा बिल्ला काढायला लागल्या. पिन साडीत अडकल्यामुळे तो लवकर निघेना.

“त्याआधी तिला मला एक साडी दाखवू दे,” दारातून आवाज आला.

सलिलच्या आई, आनंदीकाकू. मंगळवारी सकाळी रिक्षा करून दुकानात यायचं आणि पुढच्या गादीवर थोडा वेळ बसायचं, हा त्यांचा जुना क्रम. काठी टेकत त्या आत आल्या. किती ऐकलं होतं ते त्यांच्या तोंडावरून समजत नव्हतं, पण काकूंना ऐकू कमी येतं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

“पूर्णिमा, चांगली नऊवारी काढ बघू.”

“कुणासाठी, काकू?”

“माझ्यासाठी.”

“काही कार्य आहे का?”

“आहे. तारीख ठरायची आहे.”

पूर्णिमाताईंना लगेच कळलं. सलिलला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तो “आई!” एवढंच म्हणाला.

“हिरवी काढू नकोस. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. आणि पांढरी तर मुळीच नको. जन्मभर लोकांना रंग विकले, आता जाताना पांढरं नेसू होय?” काकूंनी नाक मुरडलं. “ती जांभळी काढ. रुंद काठाची. हां, ती. आता नेसवून दाखव. गिऱ्हाईक न बघता घेतं का?”

पूर्णिमाताईंनी त्यांना हाताला धरून चौरंगावर चढवलं. अंगावरच्या साडीवरूनच ती जांभळी नेसवायला घेतली. निऱ्या घातल्या, काठ सरळ केला आणि सवयीनं म्हणाल्या, “जरा वळा हां काकू.” तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकू वळल्या. तिन्ही आरशांत स्वतःला बघून घेतलं, पदर जरा पुढे ओढला. “सलिल, इकडे ये. नीट बघून ठेव. मला त्या वेळी आरसा मिळायचा नाही.”

सलिल जागचा हलला नाही. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

“हिच्याशिवाय दुसऱ्या कुणी मला हात लावायचा नाही, सांगून ठेवते,” काकू म्हणाल्या. “आणि हिला तू आज काढून टाकलीस, तर तेव्हा कुठल्या तोंडानं बोलावशील?”

“काढलं तरी येईन की मी, काकू,” निऱ्या सारख्या करता करता पूर्णिमाताई म्हणाल्या. “अष्टपुत्र्यांची नोकर म्हणून मी कुठे जाते?”

काकू मुलाकडे बघून म्हणाल्या, “ऐकलंस ना?” आणि काठी टेकत चौरंगावरून उतरल्या.

सलिल केबिनमध्ये गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला, नाक लाल. “तुम्ही चौरंगावरच राहा,” तो पूर्णिमाताईंना म्हणाला आणि तो अर्धवट सुटलेला बिल्ला त्यानं स्वतः सरळ करून दिला.

जांभळी साडी काकूंनी रोख पैसे मोजून घेतली आणि पूर्णिमाताईंच्याच ताब्यात दिली. दुकानात ठेवली तर सलिल सेलमध्ये काढेल, असं त्यांचं म्हणणं. दर मंगळवारी त्या विचारतात, “आहे ना गं?” पूर्णिमाताई म्हणतात, “आहे, काकू. काही घाई नाही.” काकू ठणठणीत आहेत. तो बस्ता मोडून गेलेलं घर काही परत आलं नाही. अक्षता मात्र तिच्या मामेबहिणीच्या बस्त्याला अख्खं घर घेऊन आली आणि येतानाच दारातून मोठ्यानं म्हणाली, पूर्णिमामावशीच हव्यात.

हे बघून सलिलच्या डोक्यात पुन्हा चक्र सुरू झालं. आठवड्याभरातच त्यानं पूर्णिमाताईंना केबिनमध्ये बोलावलं, या वेळी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. कल्पना त्यानं फार विचार करून मांडली. ‘अखेरचा पदर, अष्टपुत्रे यांचा सामाजिक उपक्रम.’ पूर्णिमाताईंना दुकानाचं नाव असलेलं जाकीट मिळेल. सोमवार कामाचा दिवस धरला जाईल, त्याचे वेगळे पैसे. घरच्यांची हरकत नसेल तिथे छोटासा व्हिडिओ, अर्थात अगदी संयत.

पूर्णिमाताईंनी चहा संपवला. मग म्हणाल्या, “नको.”

“अहो, पण आता तर मी परवानगी देतोय!”

“मागितली कुठे होती?”

सलिलनं कल्पना लिहिलेला कागद घडी करून खणात ठेवला. आईचा मुलगा होता, कुठे थांबावं एवढं त्याला घरात शिकायला मिळालं होतं. पूर्णिमाताई दारापर्यंत गेल्या, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, “पण ताई, लोक आता दुकानात फोन करून विचारतात. सोमवारी पूर्णिमाताई कुठे असतात म्हणून. त्यांना काय सांगायचं?”

“सुट्टीवर आहेत म्हणून सांगा,” पूर्णिमाताई म्हणाल्या, आणि बाहेर चौरंगावर एक नवरी केव्हाची उभी होती तिच्याकडे गेल्या.